आधी औषध, मग फाइल

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या बस्तीत ई-रिक्षा चालवणारा एक भाऊ शुक्रवारी संध्याकाळी घरी आला आणि बायकोला म्हणाला, "पायाला मुंग्या येऊन राहिल्या." आठ-दहा दिवसांपूर्वी गल्लीत नळाला गढूळ पाणी आले होते, तेव्हा त्याला जुलाब लागले होते. ते थांबलेही होते. त्या जुलाबांचा या मुंग्यांशी काही संबंध असेल, हे कोणाच्याच डोक्यात आले नाही. शनिवारी सकाळी त्याला संडासातून उठता येईना. जवळच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाइन लावली. रविवारी पहाटे तो अंगणात पडला आणि पाय उचललाच गेला नाही. दुपारपर्यंत हातही जड झाले.

आम्ही चार-पाच जणांनी त्याला उचलून योजनेतल्या एका रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी तासाभरात आजार ओळखला. म्हणाले, "हा जीबीएस दिसतो. इंजेक्शने लागतील. महाग आहेत, पण योजनेत बसतात. मंजुरी आली की सुरू करू."

रविवार होता. योजनेच्या टेबलावर कोणी नव्हते. सोमवारी सकाळी कळले की भावाचे नाव अजून वडिलांच्या रेशन कार्डावर आहे आणि आधारवर ते वेगळ्या तऱ्हेने लिहिलेले आहे. ते निस्तरून फाइल दुपारी गेली. संध्याकाळी 'क्वेरी' आली: नसांच्या तपासणीचा अहवाल स्पष्ट नाही, पाठीतल्या पाण्याचा अहवाल जोडा. सोमवारी रात्री त्याचा श्वास कमी पडू लागला आणि त्याला व्हेंटिलेटरवर घेतले. मंजुरी मंगळवारी संध्याकाळी आली.

भाऊ वाचला. चाळीस दिवस दवाखान्यात काढून घरी आला. आज काठी धरून विहारापर्यंत येतो. ई-रिक्षा मात्र गेली, हप्ते थकले होते. बायको दोन घरची धुणीभांडी करते. मंजुरी रविवारीच मिळाली असती तर व्हेंटिलेटर नक्की टळला असता, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. या आजारात लगेच औषध मिळालेल्या रुग्णालाही कधीकधी व्हेंटिलेटर लागतो. पण एक गोष्ट आम्ही डोळ्यांनी पाहिली. औषध कोणते द्यायचे हे डॉक्टरांना रविवारी दुपारी माहीत होते आणि ते मंगळवारी रात्री शिरेत गेले. मधले दोन दिवस आजार थांबला नव्हता, उपचार थांबला होता.

या पानावर आम्ही एरवी रक्तदाब, साखर, सिकलसेल यांविषयी लिहितो. या वेळी पूर्वमंजुरीविषयी लिहितो आहोत, कारण आपल्या घरांच्या आरोग्याचा तोही एक भाग झाला आहे.

हा आजार आहे तरी काय

जीबीएस म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, फ्रान्सच्या डॉक्टरांनी सैनिकांमध्ये तो नोंदवला आणि त्यांच्या नावाने तो ओळखला जातो. आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी शक्ती असते. जुलाब किंवा सर्दी-खोकल्याच्या जंतूंशी लढताना कधीकधी ही शक्ती चुकते आणि स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. नसांवरचे आवरण खराब होते, मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. बहुतेकदा सुरुवात पायांपासून होते. मुंग्या, मग कमजोरी, मग ती कमजोरी वर चढत जाते. कोणाचा चेहरा वाकडा होतो, कोणाला गिळता येत नाही. छातीचे स्नायू दुबळे झाले की श्वास अडतो. दर चार-पाच रुग्णांपैकी साधारण एकाला व्हेंटिलेटर लागतो.

हा आजार क्वचितच होतो. वर्षाला लाख लोकांमागे एक-दोन रुग्ण. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा प्रत्येक मुंगीला घाबरण्याचे कारण नाही. पण ज्या जंतूमुळे तो अनेकदा सुरू होतो, तो कॅम्पिलोबॅक्टर, घाणेरड्या पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून पोटात जातो. नाल्याशेजारून जाणारी आणि जागोजाग फुटलेली पाइपलाइन कोणाच्या दारात असते, हे आम्ही आपल्याला सांगायला नको.

यावर दोन उपचार आहेत. एक म्हणजे प्लाझ्मा बदलणे: यंत्राने रक्तातला पातळ भाग काढून नसांवर हल्ला करणारे घटक कमी करायचे. दुसरा म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, ज्याला दवाखान्यात 'आयव्हीआयजी' म्हणतात. हॉलंडमधल्या डॉक्टरांनी १९९२ साली दाखवून दिले की हे इंजेक्शन प्लाझ्मा बदलण्याइतकेच उपयोगी पडते. तेव्हापासून जगभर दोन्ही वापरले जातात. नुसत्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी या आजारात फायदा होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आयव्हीआयजीची मात्रा वजनावर ठरते. नेहमीची पद्धत अशी: एका किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, असे पाच दिवस. ६० किलोच्या माणसाला रोज २४ ग्रॅम, पाच दिवसांत १२० ग्रॅम. पाच ग्रॅमची एक कुपी धरली तर २४ कुप्या. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात साथ आली तेव्हा एका इंजेक्शनची किंमत २० हजार रुपयांपर्यंत असल्याच्या बातम्या येत होत्या. कंपनीप्रमाणे भाव कमी-जास्त होतो. निम्मा भाव धरला तरी औषधाचेच दोन लाखांच्या वर जातात. दिवसाला पाच-सहाशे रुपये घरी आणणाऱ्या माणसाने ते कुठून आणायचे? म्हणून योजना लागते. आणि योजना आली की मंजुरी आली.

या औषधाबद्दल आणखी एक गोष्ट आपल्याला माहीत असावी. ते माणसाच्या रक्तातून बनते. हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातला प्लाझ्मा एकत्र करून त्यातून ते वेगळे काढतात. रक्तपेढ्यांत उरलेला प्लाझ्मा अशा कंपन्यांकडे जातो. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपल्या विहारांत रक्तदान शिबिरे होतात, आपली पोरे रांगेत उभी राहतात. त्या कुपीत कोणाचे रक्त आहे, कोणत्या जातीचे आहे, हे जगातले कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. रक्त द्यायला आपण रांगेत पुढे असतो. त्याच रक्ताचे औषध घ्यायची वेळ आली की आपली फाइल मागे का राहते?

फाइलचे घड्याळ आणि नसांचे घड्याळ

राज्याची ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती नागपूरसह सगळ्या राज्यात आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पुढे केंद्राची आयुष्मान भारत योजना तिला जोडली गेली. जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना, रेशन कार्ड कोणत्याही रंगाचे असो, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. ही साधी गोष्ट नाही. या योजनेने आपल्या बस्त्यांतली अनेक माणसे वाचवली आहेत. आम्ही योजनेच्या विरोधात लिहीत नाही. योजना आपली आहे म्हणूनच लिहितो.

पूर्वमंजुरीचे काम असे चालते. रुग्णालयात आरोग्यमित्र रुग्णाची नोंद करतो. रुग्णालयाचा डॉक्टर आजाराची माहिती, तपासण्यांचे अहवाल आणि फोटो संगणकावर चढवतो. दुसऱ्या टोकाला योजनेने नेमलेले डॉक्टर ते पाहतात. पटले तर मंजुरी, नाही तर क्वेरी. क्वेरीचे उत्तर गेले की पुन्हा पाहणी. गुडघा बदलायचा असेल, हर्नियाचे ऑपरेशन असेल, तर यात दोन-चार दिवस गेले तरी माणूस थांबू शकतो. जीबीएसमध्ये तसे थांबता येत नाही. आयव्हीआयजीचा फायदा लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत दिसतो. कमजोरी वर चढत असताना जितके लवकर, तितके चांगले. आपला माणूस मुळातच दोन-चार दिवस उशिराने पोहोचलेला असतो. त्यात फाइलचे दोन दिवस मिळवा.

आता यातली खरी अडचण पाहा. नसांची तपासणी, जिला एनसीव्ही म्हणतात, ती पहिल्या काही दिवसांत बरोबर येऊ शकते. पाठीतल्या पाण्यात प्रोटीन वाढलेले दिसते, पण तेही पहिल्या आठवड्यात पुष्कळदा वाढलेले नसते. म्हणजे रुग्ण लवकर आला, तर अहवाल साफ येतो. अहवाल साफ आला, तर क्वेरी येते. जो वेळेवर पोहोचला त्यालाच "पुरावा कमी आहे" असे ऐकावे लागते. ज्याला उशीर झाला त्याचा पुरावा भक्कम असतो, पण तोवर नसांचे नुकसान झालेले असते. जाणकार डॉक्टर हा आजार आधी तपासून ओळखतो: पायाची कमजोरी, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर न उडणारा पाय, आधी होऊन गेलेले जुलाब. ती नोंद हाच पहिला पुरावा मानला पाहिजे.

तपासणी नकोच, असे आम्ही म्हणत नाही. खोटी बिले लावणारी रुग्णालये आहेत. आयुष्मान योजनेवरच्या २०२३ च्या कॅगच्या अहवालात साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाइल नंबरवर नोंदवलेले सापडले. तो पैसा आपलाच आहे, त्याच्यावर पहारा हवाच. आयव्हीआयजी सगळ्यांनाच लागते असेही नाही. ज्याला सौम्य त्रास आहे आणि जो आपल्या पायांनी चालू शकतो, त्याच्यावर डॉक्टर अनेकदा नुसते लक्ष ठेवतात. तेव्हा प्रश्न पहारा असावा की नसावा हा नाही. पहारेकऱ्याने चोराला अडवावे. घरचा माणूस दारात धापा टाकत असताना त्याच्याकडे ओळखपत्र मागत बसू नये.

पुण्याला जे जमले

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या वस्त्यांत जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. आकडा दोनशेच्या वर गेला. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर सापडला, पाण्याचे नमुने दूषित निघाले. तेव्हा सरकार हलले. योजनेत या आजारासाठी ८० हजार रुपयांचे पॅकेज होते, ते दुप्पट करून १ लाख ६० हजार झाले. ठरावीक रुग्णालयांत उपचार मोफत केले गेले. मंत्र्यांनी आढावे घेतले.

चांगले झाले. आम्ही त्याबद्दल समाधानच मानतो. पण त्याच दिवसांत नागपुरातही या आजाराचे रुग्ण दवाखान्यात होते, आणि त्याआधीही दरवर्षी असत. एकेकटे येणारे. मेडिकलला एक, मेयोला एक, खासगीत एक. दोनशे माणसे एकदम आजारी पडली तर ती बातमी होते आणि नियम बदलतात. एकटा माणूस आजारी पडला तर त्याची फाइल होते. पुण्याने एवढे दाखवून दिले की इच्छा असली तर रक्कम वाढते, वेळ कमी होतो. मग साथ येण्याची वाट कशाला?

पॅकेजची गोष्टही समजून घ्या. वर आम्ही औषधाचा हिशेब मांडला. त्याच्यापुढे व्हेंटिलेटर, आयसीयू आणि महिनाभराचा मुक्काम धरला तर वाढलेली रक्कमही तोकडी पडू शकते. रक्कम तोकडी असली की काही रुग्णालये फाइलच्या मागे लागत नाहीत, आणि "बेड नाही" हे उत्तर सोपे होते. म्हणून मंजुरीचा उशीर हा केवळ संगणकाचा उशीर नसतो. त्याच्या मागे पैशाचा हिशेब असतो, आणि त्या हिशेबाशी रुग्णाचा काही संबंध नसतो.

हा प्रश्न केवळ गरिबांच्या योजनेचा नाही. ज्यांनी हप्ते भरून खासगी विमा घेतला आहे, त्यांनाही हेच सोसावे लागत होते. मे २०२४ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने परिपत्रक काढले: कॅशलेस उपचाराच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यावा, आणि सुट्टीच्या वेळी तीन तासांत. अमेरिकेतही डॉक्टर आणि रुग्ण अशा पूर्वमंजुरीला कंटाळले आहेत. तिथे सरकारी पैशावर चालणाऱ्या विमा योजनांना तातडीच्या प्रकरणांत ७२ तासांची मुदत घालून देणारा नियम २०२४ मध्ये झाला. आमच्या भावाला ७२ तासही परवडले नसते. पण मुद्दा हा की हप्ता भरणाऱ्याला तासाची हमी देता येते, तर रेशन कार्डवाल्याला का नाही? त्याने हप्ता भरला नाही असे कोण म्हणते? माचिसच्या डबीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत तो रोज कर भरतो.

आमचे म्हणणे

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे.

पहिले: ज्या आजारांत तास मोजले जातात, त्यांची वेगळी यादी करावी आणि त्यात 'आधी औषध, मग फाइल' हा नियम असावा. जीबीएस त्यात असावा. लकवा, म्हणजे मेंदूचा झटका, त्यात असावा, कारण रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. जीबीएसची मात्रा तर पाच दिवस चालते. पहिल्या दिवसाची मात्रा डॉक्टरांच्या सहीवर सुरू करा. उरलेल्या चार दिवसांत हवी तेवढी पडताळणी करा. डॉक्टरने खोटे लिहिले असे निघाले, तर वसुली रुग्णालयाकडून करा, रुग्णाकडून नाही.

योजनेत याची बीजे आहेत. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून पूर्वसूचना देऊन उपचार सुरू करता येतो, कागद मागाहून जोडता येतात. पण ही सोय किती रुग्णालये वापरतात, आणि किती नातेवाइकांना माहीत असते? आम्हाला त्या रविवारी माहीत नव्हती. आम्हाला कोणी सांगितलीही नाही. जी सोय कोणाला माहीत नाही, ती असून नसल्यासारखीच.

दुसरे: रात्री आणि रविवारीही योजनेच्या टेबलावर माणूस हवा. आजार सुट्टी घेत नाही.

तिसरे: क्वेरी आली किंवा नकार आला, तर तो मराठीत, लेखी, कारणासह आणि वेळेच्या नोंदीसह नातेवाइकांच्या हातात द्यावा. आज आपल्याला फक्त "वरून आले नाही" एवढे सांगतात. वर म्हणजे कुठे, हे कोणी सांगत नाही.

चौथे: नावातल्या काना-मात्रेसाठी तातडीचा उपचार अडवू नये. ओळख पटवण्यासाठी मागून मुदत द्यावी.

हे मागणे म्हणजे मेहरबानी नाही. पश्चिम बंगालमध्ये १९९२ साली एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी सोय नाही, बेड नाही म्हणून त्याला परत पाठवले. शेवटी त्याला खासगी दवाखान्यात पैसे भरून उपचार घ्यावे लागले. त्याच्या संघटनेने, पश्चिम बंग खेत मजदूर समितीने, सर्वोच्च न्यायालय गाठले. १९९६ साली न्यायालयाने निकाल दिला की गरजू माणसाला वेळेवर उपचार नाकारणे म्हणजे संविधानाच्या कलम २१ ने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाची अडचण ही सबब सरकारला सांगता येणार नाही. त्या निकालातला 'वेळेवर' हा शब्द आपण पाठ करून ठेवला पाहिजे.

आपण काय करावे

सरकार बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हातातले आपण करू. त्या भावाच्या वेळी आम्हीही चुकलो. शुक्रवार आणि शनिवार हे दोन दिवस फाइलने नाही, आम्ही घालवले.

म्हणून सांगतो. जुलाब, ताप किंवा खोकला होऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांत दोन्ही पायांना मुंग्या आल्या, जिना चढता येईना, खाली बसून उठता येईना, आणि हे दिवसागणिक वाढत असेल, तर सलाइन लावून घरी झोपू नका. मोठ्या दवाखान्यात जा. मेडिकल, मेयो, एम्स, जे जवळ असेल ते. गिळताना ठसका लागत असेल, आवाज बारीक झाला असेल, एका दमात वीसपर्यंत आकडे मोजता येत नसतील, तर एक तासही थांबू नका.

आजारी पडण्याआधीच घरातली कागदपत्रे काढून पाहा. सगळ्यांची नावे रेशन कार्डावर आहेत का? लग्न होऊन आलेल्या सुनेचे आहे का? लहान लेकराचे आहे का? आधारवरचे नाव आणि रेशन कार्डावरचे नाव एकच आहे का? आयुष्मान कार्ड काढले आहे का? या सगळ्यांच्या झेरॉक्स एका पिशवीत, आणि फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवा. हे काम पाऊण तासाचे आहे. रविवारी दवाखान्यात त्याला दोन दिवस लागतात.

दवाखान्यात पोहोचल्यावर चार प्रश्न विचारा. हे रुग्णालय या आजारासाठी योजनेत आहे का? आरोग्यमित्र कुठे आहे? तातडीची फोनवरची पूर्वसूचना दिली का? मंजुरीला उशीर होणार असेल, तर प्लाझ्मा बदलण्याची सोय इथे किंवा दुसरीकडे आहे का? मिळालेली उत्तरे वहीत वेळेसह लिहा. फाइल किती वाजता गेली, क्वेरी किती वाजता आली, कोणाशी बोललो. वही उघडली की समोरच्याचे बोलणे बदलते, हा आमचा अनुभव आहे. आवाज चढवू नका, डॉक्टरांवर धावून जाऊ नका. बहुतेक वेळा तेही आपल्याइतकेच त्या मंजुरीला अडकलेले असतात.

योजनेचा टोल-फ्री क्रमांक १५५३८८ आहे, दुसरा १८००२३३२२००. आयुष्मान भारतचा १४५५५. योजनेत उपचार असताना पैसे मागितले, तर पावती मागा आणि तिथूनच फोन करा. जिल्ह्यात योजनेचा समन्वयक असतो, त्याच्यापर्यंत लेखी अर्ज पोहोचवा. रुग्णालय धर्मादाय असेल, तर गरिबांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि आणखी दहा टक्के सवलतीत ठेवणे त्याला बंधनकारक आहे, हे त्याला आठवण करून द्या. कंपनीत कामाला असणाऱ्यांनी आपले ईएसआयसी कार्ड तपासून ठेवावे. बाहेरच्या रुग्णालयात पाठवण्याची परवानगी तिथेही लागते, तेव्हा तिथेही हीच वही उपयोगी पडेल.

विहार समित्यांना आमची एक विनंती आहे. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास कागदपत्रांना द्या. बस्तीतली शिकलेली दोन पोरे बसवा. एक नावे तपासेल, दुसरा आयुष्मान कार्डाचे पाहील. वर्षभरात एका माणसाच्या फाइलचे दोन दिवस वाचले, तरी ते पुरेसे आहे. आणि नळाला गढूळ पाणी आले, तर त्याच दिवशी महापालिकेच्या झोन कार्यालयात लेखी तक्रार द्या, तिचा क्रमांक जपून ठेवा. पाणी उकळून प्या. लाखांचे इंजेक्शन लागू नये, याचा सगळ्यात स्वस्त उपाय तोच आहे.

शेवटी एक आठवण. ज्या योजनेवर जोतिबांचे नाव आहे, त्यांच्या सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगात काय केले, हे आपल्या घरात लहान लेकरालाही माहीत आहे. मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेग झालेले पोर त्यांनी पाठीवर घेतले आणि यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. त्या पोराचे कागद त्यांनी विचारले नाहीत. त्याला आधी दवाखान्यात नेले. फुल्यांचे नाव लावणाऱ्या योजनेकडे आम्ही एवढेच मागतो.

जयभीम.